रात्रीची थंडी आणि दिवसाची थंडी

लेखमाला : घरापासून लांबचं कॉलेज (भाग ९)

मागच्या भागाच्या शेवटी लिहिलं होतं, की कॉलेज निवडताना आपण फी बघतो, ब्रँच बघतो, नोकऱ्या किती लागतात ते बघतो, पण तिथली हवा कुणी बघत नाही. तो भाग वाचून नारायणगावच्या एसटी स्टँडवर एक द्राक्ष बागायतदार मला थांबवून म्हणाले, "सर, आमच्या पोराला थंडीचं भेव घालू नका. डिसेंबरात पारा उतरला, की पहाटे तीनला उठून माझ्याबरोबर बागेत शेकोट्या पेटवतो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून ठिबक चालू करतो. त्याला श्रीनगर काय नि मंडी काय, सारखंच."

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. जुन्नर-आंबेगावच्या मुलाला थंडी नवी नाही. हिवाळ्यात आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, एखाद्या रात्री सहा-सातवरही येतो. तरीही त्यांचं पुरतं बरोबर नाही, आणि का नाही हे सांगायलाच आजचा भाग आहे.

आपली थंडी रात्रीची आहे. हिवाळ्यात पठारावर आभाळ निरभ्र असतं, हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की भराभर निवते, कारण वर ढगांचं पांघरूण नसतं. गार हवा जड, म्हणून ती कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या खोलगट भागात उतरून बसते. माळावरच्या घरापेक्षा ओढ्याकाठच्या बागेत गारठा जास्त का, याचं उत्तर हेच. पण सात-साडेसातला ऊन येतं, अकराला स्वेटर उतरतो आणि दुपारी पारा अठ्ठावीसपर्यंत चढतो. आपण रात्र काढतो ती त्या उन्हाच्या भरवशावर. ओली चादर दुपारी वाळणार, डोकं दुपारी धुता येणार, आजी ओट्यावर पाठ शेकत बसणार, हे आपण धरूनच चालतो.

दिवसाची थंडी म्हणजे तो भरवसा नसणं. २२ डिसेंबरच्या सुमारास जुन्नरला साधारण अकरा तासांचा दिवस मिळतो आणि दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो. त्याच दिवशी श्रीनगरला दहा तासांहून किंचित लहान दिवस, सूर्य ३२ अंशांवर. मॉस्कोला सात तास आणि जेमतेम ११ अंश. म्हणजे ऊन दिसलं तरी ते तिरपं, झाडांच्या नि इमारतींच्या आडचं. अंगाला लागत नाही. मॉस्कोत दुपारीही पारा शून्याखालीच, असे आठवडेच्या आठवडे जातात. मुलगा सकाळी अंधारात वर्गात जातो, अंधारात परततो. बागेत शेकोटी पेटवणारं पोर तिथे हबकतं ते अंशांमुळे नाही. दुपार कधी होतच नाही, यामुळे.

उंचीवरून अंदाज बांधू नका, हेही इथेच सांगतो. "डोंगरात आहे का? मग थंड असणार," असं आपण म्हणतो. हिमाचलातल्या मंडीच्या आयआयटीचं आवार कमांद गावाजवळ, ऊहल नदीच्या काठी आहे. त्याची उंची साधारण आपल्या शिवनेरीच्या माथ्याइतकीच, म्हणजे हजार मीटरच्या आसपास. पण शिवनेरी १९ अक्षांशावर आणि मंडी जवळपास ३२ वर. उंची सारखी असूनही तिथे जानेवारीत पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो. हाताशी नकाशा असला, की आधी अक्षांश बघावा, मग उंची, आणि मग ते गाव डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे ते. उत्तरेकडच्या उतारावर ऊन उशिरा पोचतं आणि लवकर जातं.

आता निवडीकडे येऊ. आपल्या दोन्ही तालुक्यांतली मुलं थंड मुलखात जातात ती मुख्यतः तीन वाटांनी.

पहिली वाट इंजिनिअरिंगची. महाराष्ट्रात एनआयटी एकच, नागपूरची व्हीएनआयटी. तिथल्या निम्म्या जागा राज्यातल्या मुलांना असल्या, तरी मनासारखी ब्रँच सगळ्यांना मिळत नाही. इतर राज्यांतल्या एनआयटींमध्ये निम्म्या जागा बाहेरच्यांसाठी असतात. सुरतकल किंवा तिरुचिरापल्लीला जी ब्रँच रँकमुळे हाताला लागत नाही, ती पुष्कळदा श्रीनगरला मिळते. जूनमध्ये चॉईस भरताना हे दिसतं आणि घरात आनंद होतो. आनंद व्हावाच. श्रीनगरची ही संस्था १९६० ची आहे, हजरतबलला, दल सरोवराच्या काठावर. अभ्यासाचं ठिकाण म्हणून तिच्यात कमी काही नाही. फक्त एक करा : फॉर्म भरण्याआधी तिचं शैक्षणिक वेळापत्रक उघडून बघा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां' असतो, कडाक्याच्या थंडीचा काळ. पुढे वीस दिवस 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. त्यामुळे तिथली मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. मुलगा दिवाळीला न येता संक्रांतीला घरी येईल. उन्हाळ्यात बाकीच्या कॉलेजांची मुलं इंटर्नशिप करत असतील तेव्हा याचे वर्ग चालू असू शकतील. हे वाईट आहे असं नाही, पण ते आधी माहीत हवं. प्रवासाचंही तेच. पुण्याहून जम्मूपर्यंत झेलम एक्स्प्रेस आहे, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे सुरू झाली आहे. त्याआधी बर्फ पडून महामार्ग बंद झाला, की मुलं अडकून पडायची. आता तो घोर बराच कमी झालाय.

दुसरी वाट शेतीच्या शिक्षणाची. ही मला सगळ्यात जवळची वाटते, आणि बागायतदारांच्या घरात तिच्याकडे लक्ष जात नाही याची खंत आहे. सोलनजवळ नौणीला डॉ. यशवंतसिंह परमार उद्यानविद्या आणि वनविद्या विद्यापीठ आहे, १९८५ पासूनचं. देशातल्या कृषी विद्यापीठांच्या काही जागा अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून भरतात, तशा तिथल्याही. तिथली थंडी नुसती सोसायची नसते, ती अभ्यासाचाच भाग असते. सफरचंदाच्या झाडाला ठरावीक तास गारठा मिळाला नाही तर डोळे नीट फुटत नाहीत, बहर विस्कटतो. आपल्याकडे थंडी म्हणजे द्राक्षाच्या मण्याचं मरण. तिकडे थंडी म्हणजे फळाची पहिली अट. ज्या मुलाने एक बाजू बागेत उभं राहून पाहिली आहे, त्याने दुसरी बाजू पुस्तकासह शिकावी, यासारखं दुसरं शिक्षण मला सुचत नाही.

तिसरी वाट परदेशातल्या एमबीबीएसची. रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, जॉर्जिया. इथे एजंट गावागावांत फिरतात, म्हणून नियम स्पष्ट सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हायला हवी आणि परत आल्यावर इथेही १२ महिने इंटर्नशिप करावी लागते. 'नीट' परीक्षेत पात्र असणं तर लागतंच. शिवाय इथली परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वर्गात इंग्रजी असलं तरी वॉर्डातला रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलतो, तेव्हा ती भाषा शिकण्यावाचून सुटका नाही. आणि हवेचं म्हणाल, तर या चार देशांना एका ओळीत बसवू नका. जॉर्जियातल्या तिबिलिसीचा हिवाळा रशियातल्या कझानच्या मानाने सौम्य. बिश्केक आणि अल्माटीला थंडीत कोळसा जळतो, धूर खाली बसतो आणि हवा फार बिघडते. मुलीला दमा असेल, तर कॉलेजचं नाव विचारण्याआधी हे विचारा.

इथवर आलो की पालक विचारतात, "मग कुठली थंडी जास्त बाधते?" माझं उत्तर ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. उणे वीस अंशांच्या कझानपेक्षा चार अंशांच्या सोलनमध्ये मुलं जास्त कुडकुडतात. कारण रशियात शहराला मध्यवर्ती तापवणी असते. सलग पाच दिवस सरासरी तापमान आठ अंशांच्या खाली राहिलं, की शहरभर गरम पाणी नळ्यांतून फिरू लागतं आणि खोली वीस-बावीस अंशांवर जाते. कॉलेजात शिरताना जाड कोट दाराशीच ठेवायला लावतात. वर्गात मुलं एका शर्टावर बसतात. आपल्या हिमाचलातल्या किंवा उत्तराखंडातल्या पुष्कळ वसतिगृहांत तशी सोय नसते. जुन्या वायरिंगवर भार पडतो म्हणून खोलीत हीटर लावायला मनाई असते. बाहेर ऊन असतं, पण उत्तरेकडच्या खोलीची भिंत दिवसभर थंडगार राहते. मग मुलगा बाहेर बरा असतो आणि खोलीत गारठतो. रात्री अभ्यासाला बसला, की बोटं पेन धरत नाहीत.

हे लिहिताना आनंदीबाई जोशी डोळ्यांसमोर येतात. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आजच्या बारावी झालेल्या मुलीएवढ्या. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला घेतली. हा बदल लहान नव्हता. घरून हजारो मैलांवर, एकटीने केलेला तो निर्णय होता. आणि खोलीची हकिगत त्यांच्या चरित्रात येते ती अशी, की शेकोटीची जागा नीट नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर गारठा. दोन्हींतून एक निवडायचं. याच खोलीतून अभ्यास करून त्यांनी ११ मार्च १८८६ ला एम.डी. मिळवली. पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात त्या क्षयाने गेल्या, एकविसाव्या वर्षी. क्षय थंडीने होत नाही, जंतूने होतो. कॉख या शास्त्रज्ञाने तो जंतू १८८२ मध्येच दाखवला होता. पण अपुरं अन्न, धूर आणि उबेला पारखी झालेली खोली यांत शरीराची झुंजायची ताकद खचत जाते. आनंदीबाईंना थंड शहर बाधलं असं लोक म्हणतात. मला वाटतं, जास्त बाधली ती खोली.

म्हणून कॉलेजला फोन कराल, तेव्हा 'थंडी किती असते' हे विचारू नका. ते मोबाइलवर दिसतं. वसतिगृहाच्या कार्यालयाला विचारा, की खोलीत हीटर चालतो का, नसेल तर गरम करायची दुसरी काय सोय आहे. गरम पाणी किती वाजता येतं आणि नळ गोठले तर काय करतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना कुठली इमारत मिळते आणि खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी म्हणजे दिवसाला तीन-चार तासांचं फुकटचं ऊन. खोली वाटपाच्या वेळी मुलाने ते मागावं, लाजू नये. अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी आणि उबदार असते हेही विचारा. खोली गार असेल आणि अभ्यासिका उबदार असेल, तर निम्मा प्रश्न सुटला. या प्रश्नांना उत्तरं देताना समोरचा माणूस वैतागला, तर तेही लिहून ठेवा. मला ते फार बोलकं वाटतं.

प्रवेश ठरला, की घरात कपड्यांची खरेदी सुरू होते आणि तिथेच पैसे वाया जातात. पुण्यात घेतलेलं जाडजूड जॅकेट तिकडच्या वाऱ्याला पुरत नाही. इथून अंगालगतचे थर्मल आणि एक चांगला लोकरी स्वेटर न्यावा. जॅकेट आणि बूट तिथे जाऊन, वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून घ्यावेत. बूट एक नंबर मोठा, म्हणजे लोकरी मोजा घातल्यावर बोटं हलतील. आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. सुती बनियन हा आपला लाडका कपडा, पण चढ चढताना घामाने भिजतो आणि थांबलं की तोच अंगाला गार फडक्यासारखा चिकटतो. घाम आला की वरचा थर काढायचा, थांबलं की घालायचा. आपल्याकडे आई सकाळी जे अंगावर चढवते ते दुपारपर्यंत उतरवायचं नाही अशी रीत आहे. ती तिथे मोडावी लागते.

अंघोळीची सवयही तशीच. पहाटे उठून डोक्यावरून पाणी घेणं हा आपल्याकडे शिस्तीचा भाग मानतात. तिथे दुपारी, किंवा पाणी कडक असेल तेव्हा अंघोळ करावी. केस ओले ठेवून बाहेर पडू नये. अंग पुसल्या पुसल्या तेल किंवा मलम लावावं, कारण तापवलेल्या खोलीची हवा फार कोरडी असते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, आणि मुलं घाबरून घरी फोन करतात. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं कमी होतं, त्याने ही कोरड आणखी वाढते. पायाची बोटं लाल-निळी होऊन खाजू लागली, सुजली, तर ती हीटरला लावायची नाहीत, चोळायचीही नाहीत. हळूहळू ऊब द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या डॉक्टरांना दाखवायची.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. शेकोटी ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट. पण आपली शेकोटी अंगणात, बागेत, उघड्यावर असते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलं, की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि माणूस उठत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अशी माणसं जातात. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचाही धोका हाच. मुलगा जाण्याआधी त्याच्यासमोर हा परिच्छेद मोठ्याने वाचा. गॅसवर किंवा कोळशावर काहीही पेटवायचं तर खिडकी उघडी, आणि झोपण्याआधी ते विझवायचं.

खाण्याचं मात्र आपल्या बाजूने आहे. थंडीत भूक वाढते आणि मेसचं पातळ वरण पुरत नाही. हुलग्याचं पीठ, लसूण आणि तिखट-मीठ बरोबर असलं, तर एका इलेक्ट्रिक किटलीत शेंगोळी होतात. पीठ तिखट-मीठ घालून मळायचं, वळायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायची. आपल्याकडे हिवाळ्यात ती करतात ते उगीच नाही. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ महिना महिना टिकतो. पहिल्या पार्सलमध्ये फरसाणाऐवजी हे जाऊ द्या. वसतिगृहात किटली चालते का, ते मात्र आधी विचारून घ्या.

आता मनाचं. पहिले दोन महिने नवलाईत जातात. नोव्हेंबरअखेर दिवस लहान होतो, त्याच सुमारास पहिली मोठी परीक्षा येते, आणि मुलगा गप्प होतो. उशिरापर्यंत झोपतो, फोन उचलत नाही, 'बरं आहे' एवढंच बोलतो. पुष्कळदा हा आळस नसतो. कमी उजेडात माणसाच्या झोपेचं चक्र बिघडतं आणि मन खाली बसतं. सकाळी उजाडल्यावर अर्धा तास बाहेर चालणं, आभाळ झाकलेलं असलं तरी, हा त्यावरचा पहिला उपाय. तेवढ्याने भागलं नाही तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जावं. देशात कुठूनही १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलता येतं, मराठीतही. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आजच साठवून द्या.

इथे मला आपल्या पश्चिम पट्ट्याची आठवण येते. आहुपे, भीमाशंकर, घाटमाथ्यावरची गावं. आषाढात तिथे पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. धुकं घरात शिरतं. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळतात आणि धुराचा वास घेऊन अंगावर येतात. माणसं घोंगडी पांघरून एका चुलीभोवती बसतात, गप्पा मारतात, कामं वाटून घेतात. एकटं कुणी बसत नाही. बिनउन्हाचे दिवस कसे काढायचे हे तिथल्या आजीला ठाऊक आहे. बागायती पट्ट्यातला मुलगा अंश सोसायला शिकलाय, घाटमाथ्यावरचा मुलगा दिवस सोसायला. मला तर वाटतं, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या आश्रमशाळांतून आलेली मुलं तिकडच्या हिवाळ्यात लवकर रुळतील. त्यांच्यातली जी मुलं परदेशाचा विचार करतायत, त्यांनी आदिवासी विकास विभागाच्या परदेशी शिष्यवृत्तीची चौकशी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात जरूर करावी. थंडी आहे म्हणून पाऊल मागे घेऊ नये.

त्या बागायतदारांना मी शेवटी एवढंच विचारलं, "दादा, तुमच्या पोराची खोली कुठल्या दिशेला असेल?" ते थांबले, म्हणाले, "हे तर विचारलंच नाही." मग तिथेच स्टँडवर उभं राहून त्यांनी वसतिगृहाला फोन लावला. खोली उत्तरेकडची होती. अर्ज केल्यावर बदलून मिळते, असंही कळलं.

पुढच्या आठवड्यात मेस, भाड्याची खोली आणि घरमालकाशी करायचा करार यांबद्दल लिहीन. तोवर ज्यांचे प्रवेश थंड मुलखात ठरलेत, त्यांनी वसतिगृहाला एक फोन करावा आणि खिडकीची दिशा विचारून घ्यावी.